हवाई टॅक्सीची खंडेनवमी

सोलापूरशेजारच्या कुंभारीच्या महिपतीला हवाई टॅक्सीच्या तळावर पहारेकऱ्याची नोकरी लागली तेव्हा गावात त्याचा भाव वधारला. बाहेरच्या एका कंपनीने माळावर तो तळ बांधला होता. परदेशी मापाचं प्रमाणपत्र मिळालं की सोलापूरचा रोगी हवेतून पुण्याला पोचणार, असं सांगत होते. घोडं चाचण्यांवर अडलेलं. तळावरच्या माणसांची तयारी म्हणाल, तर इंग्रजीतला एक व्हिडिओ दाखवला आणि सह्या घेतल्या. झाली तयारी! महिपतीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

चाचणीचं विमान उडवायची ती जुळे सोलापूरची सिद्धेश्वरी. महिपतीला मामा म्हणायची, त्याच्या डब्यातली शेंगाचटणी हक्काने खायची. तिच्या आईने, शिवबाईने, नवऱ्यामागे ही एकुलती पोर वाढवलेली. लेक वर गेली की बाईचा जीव टांगणीला. खंडेनवमीला तिने तळाच्या फाटकावर येऊन महिपतीच्या हातात कुंकू आणि अक्षता ठेवल्या. तिला आत सोडत नव्हते, म्हणून लेकीच्या विमानाची पूजा तूच कर म्हणाली. आता सोलापुरात त्या दिवशी यंत्रमागापासून रिक्षापर्यंत काय बिनपूजेचं राहतं? महिपतीने आनंदाने मान डोलावली.

विमानाच्या नाकावर बोटाएवढी नळी होती. तिच्यात वारा शिरला की विमानाला आपला वेग कळायचा. एरवी तिच्यावर लाल टोपण असे. महिपतीने ते काढलं. झाकल्या तोंडाला कुंकू कोण लावतं? तेलात खललेलं कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, नारळ फोडला आणि टोपण परत बसवलं. सण आटोपून चाचणीचा दिवस आला. सिद्धेश्वरीने कुंकू पाहिलं, हसली, फडक्याने वरवर पुसून घेतलं. आत तेलात चिकटलेले तांदूळ कुणालाच दिसले नाहीत.

विमान पलीकडच्या तुरीत कोसळलं. पोरगी जागच्या जागी गेली.

कंपनीने लगेच जाहीर केलं की वेग आवरण्यात वैमानिकाची चूक झाली. मेली ती मेली, वर ही बदनामी. तपासणाऱ्यांना नळीत तांदूळ सापडल्याचं कानावर आलं आणि महिपतीचं धाबं दणाणलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती! गप्प बसावं तर तांदळाचा डागही पोरीच्याच माथी, बोलावं तर त्या माउलीला कळणार की तिच्याच हातच्या अक्षता लेकीला बाधल्या. शेवटी तो चौकशीला उभा राहिला आणि सगळं सांगितलं. शिवबाईचं नाव तेवढं गिळलं. पूजा करायला कुणी सांगितलं, असं साहेबाने दोनदा विचारलं.

"कुणी न्हाय," महिपती म्हणाला. "माज्याच मनानं केली."

मग काय, वड्याचं तेल वांग्यावर. परदेशी नियमाने अशा दोन नळ्या लागतात, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. कंपनीने चाचणीपुरती एकच बसवली होती. त्याबद्दल मेल्यांनी अवाक्षर काढलं नाही. भाग मागास, माणसं अडाणी, इथं अजून तयारी नाही, असं म्हणून गाशा गुंडाळला. सोलापूर काय दोन दिवस हळहळलं आणि विसरलं. नोकऱ्या गेल्या म्हणून गावाने शिव्या घातल्या त्या महिपतीला.

सिद्धेश्वरीवरचा ठपका पुसला गेल्याचं सांगायला तो जुळे सोलापुरात शिवबाईकडे गेला. तिला सगळं कळलं होतं. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने पाय धरायला हात पुढे केला तर मागे सरली.

"माझं नाव का नाही घेतलंस?" तिने विचारलं.

"तुमाला तरास कशाला, अक्का."

तिने पाण्याचं भांडं उचललं.

"तू चार माणसांत सांगून मोकळा झालास की रे, महिपती," ती म्हणाली. "मी आता कुणाला सांगू?"