वहिनीचा गार चहा आणि माझी भूक

एका सकाळी सांगलीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, आई गेली..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. नव्वदी ओलांडलेली माझी वहिनी नीट जेवून झोपली होती, ती उठलीच नाही. असं मरण भाग्याचं, असं जो तो म्हणत होता आणि ते खरंही आहे. पण मला तिचा रागच आला. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. ती होती तोवर मी घरात कुणाची तरी धाकटी होते. आता महिना झालाय, म्हणून जरा शांतपणे लिहिते आहे.

लढाईचे दिवस होते. दादा पलटणीत आणि वहिनी आमच्याजवळ सांगलीत. तिचं माहेर आटपाडीकडचं, शेळ्यामेंढ्यांचं. सतराव्या वर्षी मला विषमज्वर झाला. तीन आठवड्यांनी ताप उतरला, तेव्हा माझी नुसती हाडं उरली होती. डॉक्टर म्हणाले, आता पोटात अन्न राहिलं तरच पोरगी उठेल. आणि माझी तर अन्नावरची वासनाच उडालेली! तापल्या दुधाचा वास आला तरी उमळून यायचं. मागायचे फक्त चहा. आई म्हणायची, "च्या रगत आटिवतो. त्यो न्हाई मिळायचा." वहिनी मात्र आईला म्हणाली, "आत्याबाई, दूध पोटात गेल्याशी कारण. मग त्येला च्या म्हणा, न्हाईतर काय बी म्हणा."

तिनं शेळीच्या दुधात आलं, वेलदोडा आणि दालचिनी घालून चहा उकळला. साखर रेशनवर, म्हणून गूळ घेतला. पहिल्या दिवशी तो उकळत्या दुधातच टाकला आणि सगळं नासलं. मग दूध निवल्यावर गूळ पडू लागला. गरम वास सोसत नाही म्हणून तिनं बर्फ आणवला, लाकडाच्या भुशात घालून गोणपाटात गुंडाळलेला. पण पेल्यात एक खडाही टाकला नाही. "कुठल्या पाण्याचा हाय कुणास ठावं. आत्ताशी तर तापातनं उठलाय तुमी," म्हणत झाकलेला तांब्या ती बर्फाच्या घमेल्यात रोवून ठेवायची. तो पहिला गार पेला... आल्यानं जीभ जागी झाली, घोट पोटात उतरला आणि तिथेच राहिला. मी रडले. आईही रडली.

मग व्हायचं तेच झालं. मी दिवसभर तेवढंच मागू लागले आणि वहिनी लाडानं देत गेली. तरतरी येते म्हणून चहाची पूडही वाढत गेली. आठवड्यानं डॉक्टर आले, त्यांनी पापणी ओढून पाहिली, मनगट धरलं. "हिला बरं वाटतंय, पण ही बरी होत नाहीये. चहानं भूक मेलीय हिची. असंच चाललं तर माझ्या हातात काही राहणार नाही." आईनं वहिनीकडे असं पाहिलं, की मीच डोळे मिटून घेतले. वहिनी हळूच म्हणाली, "चूक माजी हाय, डॉक्टर. दुष्काळात आमी बिनदुधाचा च्या पिऊनच भूक मारायचो. ठावं असून इसरले..."

दुसऱ्या दिवसापासून तिचा कायदा सुरू झाला. आधी मऊ भाताचे चार घास, मग बराच वेळ काही नाही आणि मग पेला. जेवणावर चहा मागितला तर डोळे वटारायची. माझी नातसून आहाराचं शिकलेली आहे. ती सांगते, जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. वहिनीला लोखंड ठाऊक होतं ते विळीचं! पण रोज ती पूड चिमटीनं कमी करत गेली, दूध वाढवत गेली आणि पेला पांढरा होत गेला. मी भांडायचे, "वैनी, ह्ये दूधच हाय!" ती म्हणायची, "व्हय. मग? प्या गुमान." आई तिच्याशी बोलत नव्हती. मी उठले नसते तर त्या घरात वहिनीला जन्मभर मान वर करता आली नसती, हे मला अंथरुणातूनही कळत होतं.

असे पंधराएक दिवस गेले. एका दुपारी ती भाकरी भाजत होती. तो वास आला आणि माझ्या पोटात काहीतरी पिळवटलं. दुखणं उलटलं असंच वाटलं मला. "वैनी, पोटात काय तरी हुतंय..." ती पिठाच्या हातानं धावत आली, पोट चाचपलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसतच सुटली. "आवं वन्सं, भूक हाय ती! इसरलासा व्हय?" मी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. त्या दिवशी वहिनीचं ताट आईनं स्वतः वाढलं.

ती गेली त्या दिवशी मी साताऱ्याहून सांगलीला पोचले तेव्हा घरातली चूल बंद होती. शेजारणींनी पिठलंभात आणून ठेवला होता, पण त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी दिवसभर रडले. संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते आणि मला सपाटून भूक लागली. शहाऐंशीव्या वर्षी आणि अशा दिवशी! लाजच वाटली. मग भाच्याला हाक मारली. म्हटलं, "दोन ताटं घे. तुझ्या आईनं माघारी आणलेली भूक आहे ही, हिला ताटकळत ठेवायचं नाही." तो मुकाट्यानं जेवला. मी आणखी भात मागून घेतला.