एकाच पत्त्याच्या दोन प्रती

हेदवीच्या दशभुजा गजाननाला आणि वाणीची अधिष्ठात्री शारदेला वंदन करून, आज व्यासपौर्णिमेच्या दिवशी, ज्यांनी मला अक्षराचे प्रेम आणि अक्षराचे भय दोन्ही शिकवले त्या माझ्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही आठवण लिहून ठेवतो.

गुरुजींनी हेदवीच्या घरी बसून एका उपनिषदावर मराठी टीका लिहिली होती. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती संगणकावर उतरवायला घेतली. ज्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामवर माझा हात बसला होता तो आता इतका जुना झाला आहे, की नव्या संगणकावर उघडतच नाही. माझी सून पुण्याच्या एका कंपनीचे काम रत्नागिरीतल्या आमच्या घरून करते. तिने उपाय काढला. नव्या संगणकाच्या पोटात तिने एक जुना संगणक वसवला. त्याला वेगळी पेटी नाही की पडदा नाही. एका चौकटीत तो सुरू होतो आणि आपण स्वतंत्र यंत्र आहोत असेच समजून वागतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या आतल्या यंत्रात पाने जुळवायची, घरच्या नेटवर्कवरून बाहेरच्या फोल्डरमध्ये आणायची आणि तिथून छापखान्याला मेल करायची, असा क्रम ठरला होता.

गेल्या चैत्रात काकूंचे सहस्रचंद्रदर्शन आले. गुरुपत्नींना आम्ही सारे विद्यार्थी काकूच म्हणतो. त्यांचा डावा डोळा पूर्वीच गेला होता आणि उजव्याचे पावसाळ्यानंतर काही सांगता येत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यांनी मला एवढेच सांगितले होते, "ह्यांचं लिहिलेलं छापून आलेलं मला बघायचंय रे. ऐकवू नको. बघायचंय."

समारंभाला आठ दिवस उरले असताना छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "सर, आज चारपर्यंत सगळी पानं आली तर लगेच छपाईला घेतो. नाहीतर उद्यापासून मशीन लग्नपत्रिकांना जातंय. मग थेट आषाढ!"

पाने तयार होती. ती बाहेर निघेनात. तीसचाळीस पाने यायची आणि नेटवर्क तुटायचे. पुन्हा जुळायचे, पुन्हा तुटायचे. पेनड्राइव्ह लावला, तर आतल्या जुन्या यंत्राला तो ओळखताच येईना. सुनेने सकाळी तारा तपासल्या, राउटर बंद करून चालू केला, आणि माझ्यासमोर दहा पाने बाहेर आणून दाखवली. "झालं बाबा, चालतंय," म्हणून ती आपल्या कामाला गेली. मी बसलो आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा तुटले.

मी चिडलो. जे बोलू नये ते बोललो. "तुमच्या मीटिंगांनीच सगळी लाइन खाल्ली असेल," असे सुनेला मोठ्याने म्हणालो. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बोलल्या, "कालपासून देवापेक्षा त्या डब्यालाच प्रदक्षिणा चालल्यायत. आता तिच्यावर ओरडून तो सुरू होणार आहे का?"

दोन वाजता सून आपले काम बाजूला ठेवून माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसली. बाहेरच्या संगणकावरून तिने आतल्या यंत्राला पिंग सुरू केले. म्हणजे ठरावीक अंतराने हाक मारायची आणि ओ येते का पाहायचे. प्रत्येक हाकेला ओ येत होती.

"मी बसले की चालतं, तुम्ही बसलात की बंद पडतं," ती म्हणाली. "आता तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी नुसती बघते."

मी रोजच्यासारखा बसलो. आतले यंत्र सुरू होतेच. त्याच्या शेजारी मी दुसरी चौकट उघडली. काही क्षणांत हाकांना अर्धीच उत्तरे येऊ लागली.

"हे दुसरं काय उघडलंत?"

"प्रत. सगळ्या यंत्राचीच प्रत करून ठेवली आहे. गुरुजींच्या पाठशाळेत एकुलत्या एका पोथीच्या भरवशावर कोणी राहत नसे. आणि दोन्ही समोर ठेवून ताडून पाहिल्याशिवाय मी पान सोडत नाही."

तिने दोन्ही चौकटींत काही आज्ञा टंकल्या आणि पडद्यावर बोट ठेवले. दोहोंचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर यंत्राची जी स्वतःची ओळख असते ती, अक्षरशः एकच होता.

"बाबा, प्रत करताना ह्याने तुम्हाला विचारलं असेल. पत्ता नवा द्यायचा की आहे तोच ठेवायचा?"

"विचारलं होतं. मी तोच ठेव म्हणालो. प्रतीत फरक कसा करायचा?"

ती हसू लागली, मग तोंडावर हात ठेवून थांबली. "अहो बाबा, शेजारशेजारच्या दोन घरांवर एकच नाव, एकच नंबर. पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे? एक पान इकडे, एक पान तिकडे."

चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना एका अनुस्वारासाठी पान पुन्हा लिहायला लावले. नकलणाऱ्याने आपल्या पदरचे काही घालू नये, हा माझा धर्म. त्यात आजही बदल नाही. पण मजकूर गुरुजींचा होता आणि पत्ता यंत्राचा, हा भेद माझ्या ध्यानात आला नाही. त्याहून मनाला लागले ते हे, की चूक माझ्या काटेकोरपणातूनही होऊ शकते ही शंकासुद्धा मला शिवली नव्हती. म्हणून तर दोष शोधायला मी सरळ सुनेच्या खोलीकडे पाहिले.

"सकाळी तुला उगीच बोललो," मी म्हणालो.

"ते राहू द्या. आधी प्रत बंद करा. तीन वाजत आले."

प्रत बंद केली. सुनेने प्रतीला नवा पत्ता दिला, पण त्या दिवशी पुन्हा उघडू दिली नाही. पाने एकामागून एक बाहेर आली. साडेतीनला सगळी छापखान्यात पोचली आणि मालकांचा उलट निरोप आला, "मिळाली. घेतो."

समारंभाच्या दिवशी जयगडहून फेरीबोटीने खाडीपलीकडे उतरून आम्ही हेदवीला गेलो. ओवाळणी, जेवणे आटोपल्यावर मी पुस्तक काकूंच्या हाती दिले. त्यांनी ते खिडकीपाशी नेले आणि उजव्या डोळ्याजवळ इतके धरले, की नाक पानाला टेकले. मी वाचायला पुढे सरकलो.

"थांब. मी वाचत्ये."

पहिले वाक्य वाचायला त्यांना फार वेळ लागला. परतीची शेवटची फेरी चुकेल, असे कोणी म्हणाले नाही. वाक्य संपल्यावर त्या तेच पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर पुस्तक त्यांनी माझ्याकडे दिले. "माझं बघून झालं. पुढचं आता तू वाच. आणि सावकाश हां, हे घाई करणाऱ्यावर रागवायचे."

आता त्यांना पान दिसत नाही. महिन्यातून दोनदा मी जातो आणि सावकाश वाचतो.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीला बळ लाभो, लेकीसुनांच्या शब्दाला मान मिळो, आणि तुझ्या उंबऱ्याच्या आत आरोग्य, विद्या आणि समाधान अखंड नांदो.