गुळ्या नक्की कसा ओकतो?

"मावशी, त्याच्या तोंडात काहीएक ओतू नका! बाटली खाली ठेवा आधी!"

मी फोनवर इतक्या जोरात ओरडलो की टेबलावर तपासायला उभी केलेली शेळी दचकून खाली उतरली.

पलीकडं शकुंतलामावशी होत्या. पुणतांब्याजवळच्या वस्तीवर राहतात, दहा काळ्या-पांढऱ्या एचएफ गाई आहेत. त्यांचा कुत्रा गुळ्या सकाळपासून उबळी देत होता, लाळ गाळत होता. मुलगा संदीप गोडेतेलाची बाटली घेऊन तयार. बैलाचं पोट फुगल्यावर मान वर धरून पाजतात ना, तसं.

"संदीप म्हनतोय तेलानं सुटंल."

"संदीपला सांगा, गुळ्या बैल नाही. उबळ येताना तेल पाजलं तर पोटाऐवजी फुफ्फुसात जाईल. मग मी पण हात टेकीन."

मी राहात्यात प्राण्यांचा डॉक्टर आहे. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, पण ती विद्या आता कामाला येते. पेशंट बोलत नाही, मालकाला सांगता येत नाही. मग आवाज मीच काढून दाखवतो.

"मावशी, नीट ऐका. असा करतोय का? हॉंक! हॉंक!"

"न्हाई."

"मग नाकातून असा? खुर्रर्र, खुर्रर्र?"

"न्हाई वो."

मी मान खाली घातली, पोट आत ओढलं. "ह्यॅक... ह्यॅक... ह्यॅआआक!"

"ह्योच! अगदी ह्योच! संदीप, ऐक रं, डाक्टरला बी झालंय!"

शेळीवाले आजोबा खुर्ची मागं सरकवून बसले.

पहिला आवाज खोकल्याचा. दुसरा उलट्या शिंकेचा, तो ऐकायला भयानक पण बहुतेकदा निरुपद्रवी. तिसरा पोटातून येतो. म्हणालो, "घेऊन या. तोंडात हात घालू नका."

पाऊण तासानं पिकअप आली. संदीपनं मला बाजूला घेतलं.

"डॉक्टर, खरं सांगा. वस्तीवर समदे म्हनत्यात पिसाळलंय. शेजारचा भाऊसाहेब म्हनला, संध्याकाळपतुर निकाल लावा, न्हाई तर आमी लावतो. लहान पोरं हायती तिथं."

मावशींनी पदराखालची प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत गुळ्याचं लसीचं कार्ड.

मी सगळ्यावर विनोद करतो, रेबीजवर करत नाही. त्या रोगात पण लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाडूक अडकलंय समजून हात घालणारे असतात. त्यामुळं भाऊसाहेबाची भीती खोटी नव्हती. ग्लोव्हज घातले, गुळ्याला साखळीनं खिडकीच्या गजाला बांधलं आणि तोंडापासून लांब राहिलो. कार्डावर दरवर्षीची लस वेळेवर. चाल सरळ. भांडं सरकवलं तर पाणी प्यायला, शेपटी पण हलवली. कुणाला चावला नव्हता. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग एक्स-रे. जठरात ढगासारखा गोळा दिसत होता. पुढं आतडी मोकळी, म्हणजे वाट बंद झालेली नव्हती.

"केसांचा गोळा वाटतोय," मी म्हणालो आणि लेक्चर सुरू केलं. कुत्रं अंग चाटतं. पिसवा, गोचीड असतील, खाज असेल तर जास्तच चाटतं. केस पचत नाहीत. थोडे असले तर विष्ठेवाटे निघून जातात, जास्त झाले तर गोळा. म्हणून रोज कंगवा फिरवा, गोचिडाचं औषध चुकवू नका, पाणी भरपूर ठेवा.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "डाक्टर, पन ह्याला केस हायती कुठं?"

खरंच की. गुळ्याची लव बुटाच्या ब्रशएवढी. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टर असं करतात कधीकधी.

नगरच्या माझ्या सिनियर मॅडमना फोन लावला, एक्स-रे पाठवला.

"टोकदार काही दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "सलाईन लाव, उलटी व्हायचं इंजेक्शन दे. गोळा पडला नाही तर थांबू नकोस, इकडं पाठव. पोट उघडावं लागेल."

इंजेक्शन दिलं. पहिल्यांदा नुसता फेस. संदीपचा फोन वाजला, स्क्रीनवर 'भाऊसाहेब'. त्यानं कट केला. परत वाजला. दुसऱ्यांदा पण फेसच. मी नगरला न्यायची तयारी करायला लागलो आणि गुळ्यानं मान खाली घातली.

ह्यॅआआक!

ओल्या घोंगडीचा तुकडा पिळून टाकावा तसं काहीतरी फरशीवर पडलं. चांगलं वीतभर. संदीप बाहेर पळाला. मी ते चिमट्यानं उचलून नळाखाली धुतलं.

केस काळे आणि पांढरे. गुळ्या नाकापासून शेपटीपर्यंत गुळाच्या ढेपेसारखा तांबडा.

"मावशी, ह्यानं कुणाला खाल्लं?"

"आता गं बया! ह्ये तर आमच्या गाईंचे!"

मागच्या आठवड्यात त्यांनी गाई भादरल्या होत्या. ऊन वाढलं की मशीननं अंगावरचे केस काढतात. मशीन शेजाऱ्याचं, परत द्यायची घाई, केस गोठ्यात तसेच पडलेले.

"पण कुत्रं नुसते केस कशाला खाईल?"

संदीप दारातूनच बोलला. "दुधाच्या पहिल्या धारा तिथंच खाली सोडतो ना आमी. त्यो चाटत बसतो, केसांसकट."

"खाली कशाला सोडता?"

"तुमीच सांगितलं हुतं की, पुणतांब्याच्या शिबिरात! पहिल्या दोन-तीन धारांत जंतू असत्यात, बादलीत घेऊ नका."

मला ते भाषण आठवलं. टाळ्या पण मिळाल्या होत्या.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी मावशींनीच घेतला. "भाऊसाहेब, न्हाई पिसाळलं. गाईचे केस खाल्लेत त्यानं. गोळा पिशवीत भरून आनते, येऊन बघ."

तरी मी दहा दिवस बांधून ठेवायला सांगितलं, लोकांच्या समाधानासाठी आणि माझ्याही. अकराव्या दिवशी वस्तीवर गेलो तर गुळ्या मोकळा होता आणि भाऊसाहेबाचीच पोरं त्याच्या मागं पळत होती. गोठा झाडलेला. पहिल्या धारांसाठी झाकणाचा डबा आणला होता, तो लांब नेऊन रिकामा करत होते.

आता शिबिरात मी एक वाक्य जास्तीचं बोलतो. पहिल्या धारा बादलीत घेऊ नका, हे मी सांगितलं होतं. मग घ्यायच्या कशात, ते सांगायचं राहिलं होतं.