हळदीचा फोटो

खुर्ची पडद्यापासून मागे सरकवायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचे, "अजून वळखू येऊन राह्यलं." मग पुढे सरकून पुन्हा माउस हातात घ्यायचा. त्याला काम करताना ज्यांनी पाहिले, त्यांना आधी हेच आठवेल.

जालन्यात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात तो पाने लावायचा. हुद्दा ऑपरेटरचा. ऑफिसात सगळे त्याला आर्टिस्ट म्हणत, थोडे कौतुकाने, जास्त चेष्टेने. दुपारी बातम्या येईपर्यंत हात रिकामे असत. त्या वेळात तो फोटोशॉपमध्ये कॉम्प्युटरचे वॉलपेपर करायचा. आदल्या दिवशी छापून झालेला एखादा फोटो घ्यायचा, तो भोवऱ्यासारखा फिरवायचा, आडवा ओढायचा, रंगावर रंग चढवायचा. फोटोतली वस्तू पुरती नाहीशी झाली की काम संपले. तयार वॉलपेपर तो न विचारता कुणाच्याही मशीनवर लावून द्यायचा. सकाळी आपण कॉम्प्युटर सुरू करावा आणि समोर जांभळ्या धुराच्या लाटा असाव्यात, असे आमच्याकडे नेहमी होई.

एकदा माझ्या पडद्यावर नारिंगी आणि हिरव्या रंगाचे पट्टे होते. हे काय आहे, मी विचारले.

"मोसंबी. मोंढ्यातल्या बाजाराचा फोटो."

मोसंबी कुठे दिसत नाही, असे मी म्हणालो.

"दिसायची ती कालच्या पेपरात दिसली ना, सर. आता तिला आराम."

काम तो मूळ फोटोवरच करायचा. मशीन जुने, डिस्क कायम भरलेली. नवे काही ठेवायचे तर जुने उडवावे लागे. छापून झालेल्या फोटोची दुसरी प्रत ठेवायची नाही, त्याच नावाने सेव्ह करून पुढे जायचे, अशी आमच्या ऑफिसची रीत होती. ती त्याच्या बोटांत बसली होती.

निधनाच्या जाहिरातीही तोच करी. लोक बहुधा आधार कार्ड घेऊन येत. तो कार्ड हातात घेऊन पाही आणि परत देई. "माणूस असा नसतो हो. हसताना एखादा फोटो हाय का बघा घरी." घाईत आलेले नातेवाईक वैतागत. पण घरी जात, कपाटे उचकत, कुठल्या तरी लग्नातला घोळका घेऊन येत. त्यातून तो एक चेहरा अलगद सोडवून घेई, शेजारच्याचा खांद्यावरचा हात पुसून टाकी, उजेड थोडा वाढवी. जाहिरात छापून आली की तेच नातेवाईक पेढे द्यावेत की नाही, अशा संकोचात दारात उभे राहत.

त्याची बायको काविळीने गेली. आधी गावातले औषध झाले, मग संभाजीनगरचा दवाखाना. तिथून ती परतली नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची जाहिरात द्यायची होती. तुम्ही घरी थांबा, इथे कुणीतरी करील, असा निरोप संपादकांनी धाडला होता. तरी तो आला. फोटो माझ्या मशीनमध्ये हाय, दुसऱ्याला सापडायचा न्हाई, असे त्याचे म्हणणे.

कोणता फोटो, तेही त्याने सांगितले. भोकरदनकडे तिच्या माहेरी, भाच्याच्या हळदीत काढलेला. मोबाइलमध्ये ती होती, पण प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मागे, नाहीतर तोंडापुढे पदर. कॅमेरा दिसला की ती वळायची. रोज घरात असतेच की मी, फोटो कशाला, असे म्हणायची. हळदीत मात्र पोरींनी त्याचेच तोंड माखले होते. ते पाहून ती मोठ्याने हसली आणि ऑफिसचा कॅमेरा त्याच्या हातात होता.

तो बराच वेळ शोधत राहिला. मग शोधणे थांबले, तरी नजर पडद्यावरच होती. जाहिरात विभागातल्या ताई मजकूर घेऊन शेजारी उभ्या होत्या. फोटो मिळाला का, त्यांनी हळूच विचारले.

"मिळाला," तो म्हणाला. "तुमच्याच मशीनवर हाय, ताई."

ताईंच्या पडद्यावर किती तरी दिवसांपासून एक वॉलपेपर होता. हळदीच्या रंगाचा मोठा भोवरा आणि त्यातून आरपार गेलेली हिरवी रेघ. हिरवी तिची साडी होती. रंग चांगले आले होते म्हणून एका दुपारी त्याने तो फोटो वॉलपेपरसाठी घेतला होता. ती तेव्हा घरी होती, धडधाकट. त्याच नावाने सेव्ह केले होते.

फिरवलेले उलटे फिरवता येते, हे त्याला माहीत होते. ओढून पुसलेले परत येत नाही, हेही त्याच्याइतके आमच्यात कुणाला माहीत नव्हते. तरी त्याने फाइल उघडली. भोवरा थोडा थोडा उलटा फिरवला. हिरवी रेघ रुंद झाली, वाकली, खांद्यावरून गेल्यासारखी दिसू लागली. तिच्या वर एक फिकट डाग उरला. त्याने मला बोलावले.

"सर, तुम्ही पाह्यलं हाय तिला. हा गाल हाय का?"

मी तिला एकदाच पाहिले होते, त्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत भात वाढताना. चेहरा आठवत नव्हता. मी तसे सांगितले.

"बराबर हाय," तो म्हणाला. "तुमच्या कसं ध्यानात राहील."

जाहिरात आधार कार्डावरच्या फोटोने गेली. त्याने स्वतःच ती लावली. फोटोचा उजेडसुद्धा वाढवला नाही. मी वाढवू का, असे विचारल्यावर त्याने मान हलवली. आता तिला हात लावायचा न्हाई, एवढेच म्हणाला.

वॉलपेपर करणे त्याने सोडले. दुपारी तो कापूस-सोयाबीनच्या भावाचा तक्ता लावून ठेवी आणि बातम्यांची वाट बघे. त्याला आर्टिस्ट म्हणणेही हळूहळू बंद झाले. कुणी ठरवून केले नाही. कुणाच्या तोंडी येईना.

पुढे सगळी पाने संभाजीनगरहून लागू लागली आणि आमच्याकडच्या ऑपरेटरांचे काम संपले. तो परतूरला मुलीकडे राहायला जाणार होता. शेवटच्या दिवशी चहा झाला, हार घातला गेला, दोन जण बोलले. ते उरकल्यावर तो ताईंच्या टेबलाशी गेला. ताई उठल्या. पडद्यावरच्या सगळ्या फाइली त्यांनी सकाळीच दुसरीकडे हलवल्या होत्या. हळदीच्या त्या भोवऱ्यावर एकही चौकोन नव्हता.

फाइलची प्रत त्याच्याकडे होती, पेन ड्राइव्हवर. तरी तो खुर्चीत बसला. आमची मशिने थोडा वेळ हात लागला नाही की पडदा विझवतात. पडदा विझला की तो माउसला बोट लावी, रंग पुन्हा समोर येत. असे होत राहिले. आम्ही आपापल्या बातम्या टाइप करीत होतो, निदान कीबोर्डचा आवाज करीत होतो. मग एकदा पडदा विझला आणि त्याने माउसला बोट लावले नाही. काळ्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत असावा. तो उठला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि ताईंना म्हणाला, "बसा."