लाल मेणाचा हात

नव्वदच्या दशकात आखातातल्या अल ऐनमधल्या एका मेडिकल कॉलेजात मी शरीररचनेचं संग्रहालय सांभाळत होतो. काचेच्या बरण्या पुसायच्या, आतलं द्रव उतरलं की भरायचं, झाकणं घट्ट करायची आणि विद्यार्थी आले की मेंदू, हृदय, मूत्रपिंड त्यांच्यापुढे मांडायचं. दुबईच्या करामा भागातले मित्र मला 'लोणचंवाला' म्हणत. त्यात खोटं काय होतं? मुरवायचं आणि जपायचं, हेच तर काम.

दुपारनंतर इमारत रिकामी व्हायची. हिरव्या पडद्यांतून उजेड झिरपायचा आणि बरण्यांमधलं सगळं किंचित हलतंय असं वाटायचं. बाहेर खजुरांवर पांढरं ऊन, आत एसीची घरघर. मी खुर्ची ओढून कोपऱ्यातल्या एका बरणीसमोर बसायचो. ती एकोणिसाव्या शतकातली, युरोपातल्या कुठल्याशा जुन्या संग्रहातून कॉलेजने विकत घेतलेली. आत एका लहान मुलाचा हात होता, मनगटापर्यंतचा. करणाऱ्याने त्याच्या रक्तवाहिन्यांत पार बोटांच्या टोकांपर्यंत लाल मेण भरलं होतं. तळहात मेंदी रंगावी तसा दिसायचा.

करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी त्याला मनात 'म्हातारा' म्हणायचो. त्याची गारठलेली खोली मला दिसायची, खिडकीशी ओढलेलं टेबल, गरम पाण्यात ठेवलेली मेणाची वाटी. मेण निवलं तर नळीतच गोठणार, जोर जास्त झाला तर नस फुटणार. शिकताना मी स्वतः कितीतरी नसा फोडल्या होत्या, म्हणून श्वास रोखून वाकलेला म्हातारा मला अगदी ओळखीचा वाटायचा. बरणीच्या झाकणावर काळा डांबरी लेप देऊन तो हात धुवायचा आणि घरी निघायचा. त्याची बायकोही नाक मुरडत असेल का? हा विचार करता करता माझा डोळा लागायचा, आणि म्हातारा शेजारी येऊन बसलाय असा भास व्हायचा.

माझ्या घरचा नियम पक्का होता. "आधी आंघोळ, मग चहा," बायको स्वयंपाकघरातूनच बजावायची. पुण्याला तिच्या माहेरी स्मशानातून आलेल्या माणसाला हाच नियम होता. मी मात्र रोजच जाऊन येणारा. लेक गाडीची काच खाली करून म्हणायची, "बाबा, यू स्मेल फनी." त्याचं मला हसू यायचं. पण बायकोने इतक्या वर्षांत संग्रहालयाची पायरी चढली नव्हती, ते लागायचं. कॉलेजात घरच्यांना बोलवायचा दिवस असला की तिचं डोकं हटकून दुखायचं.

"निदान तो एक हात तरी बघ," मी एकदा चिडून म्हणालो.

ती शाळेत शिकवायची. म्हणाली, "दिवसभर पोरांचे शाईने बरबटलेले हात बघते, तेवढे पुरेत मला."

मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. जे मला जगात सगळ्यात सुंदर वाटत होतं, त्याची माझ्याच माणसाला किळस होती.

एका जुलैत, शुक्रवारी, आम्ही दोघं करामातून वाणसामान घेऊन परतत होतो. अल ऐन जवळ आलं तसा मोबाइल वाजला. कॉलेजचा मल्याळी वॉचमन होता. "साब, म्यूझियम का एसी खलास. मेकॅनिक कल आएगा, इन्शाल्ला."

नव्या बरण्या एखादा दिवस तग धरतील, पण म्हाताऱ्याचा लेप त्याच्या थंड देशातला. तो पाघळला की आतलं स्पिरिट उडून जाणार आणि हात खारकेसारखा सुकणार. गाडी थेट कॉलेजात नेली. "मी गाडीतच बसते," बायको म्हणाली.

आत लेप बोटाला चिकटत होता. बरणी खालच्या कोल्ड रूममध्ये न्यायला हवी होती. ट्रॉलीवर हिंदकळली असती, आणि उचलायची तर झाकण दाबून धरायला एक माणूस, बुडाला आधार द्यायला दुसरा. वॉचमनने सरळ हात जोडले. "साब, मैं नहीं छूएगा."

मी बाहेर येऊन गाडीच्या काचेवर टकटक केली. "अगं, फक्त धरायची. बघू नकोस हवं तर." माझा चेहरा बघून असेल, ती उतरली.

जिना आम्ही समोरासमोर, एकेक पायरी चाचपत उतरलो. मध्ये बरणी. बघू नकोस म्हटलं तरी ती दुसरीकडे बघणार कुठे? कोल्ड रूममध्ये ती स्टुलावर बसली, बरणी मांडीवर घेऊन, आणि मी झाकणाभोवती नवा लेप देत राहिलो. हात वाचला होता. मला इतका आनंद झाला की मी बोलतच सुटलो. ही बारीक नस बघ, इथे मेण कसं पोचवलं असेल बघ. म्हातारा, त्याची खोली, मेणाची वाटी, त्याची बायको, सगळं सांगून टाकलं. आता ती 'सुंदर आहे' म्हणेल, म्हणून थांबलो.

तिने मान वर केली. "अहो, याच्या आईला माहीत होतं का?"

म्हाताऱ्याला मी बायकोसुद्धा दिली होती. या पोराला आई असेल, हे मात्र माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"नसेल," मी म्हणालो.

लेप घट्ट झाल्यावर मी बरणी घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे जरा," ती म्हणाली, आणि बरणी तिने मांडीवरून उचलू दिली नाही.