मामांची पृथ्वीप्रदक्षिणा

आमच्या मामांइतका जय्यत तयारीनं प्रवासाला निघालेला आणि तरीही इतका घट्ट घरी राहिलेला माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल. नव्वदच्या दशकातली निम्मीअधिक वर्षं मामा जगाच्या फेरीला निघतच होते. गावातली माणसं राम राम घालण्याऐवजी "मामा, कवा उडताय?" असं विचारायची आणि मामा अगदी गंभीरपणे "दिवाळी झाली की" म्हणायचे. कुठली दिवाळी ते मात्र सांगत नसत.

मामांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन सगळं घर कोकणाकडं चालू लागायचं आणि मृगाच्या आधी गावी, कळसला परत यायचं. पुढं पाटाचं पाणी आलं, आजोबांनी मेंढरं विकली, ऊस लावला. मामा उसात रमले म्हणा, पण डोक्यातला कळप काही विकला गेला नाही. गेल्या वाटेनं परत यायचं नाही, हा मेंढरांचा नियम ते माणसांनाही लावायचे. चरून झालेल्या रानातून कळप परत कोण नेतो? पण बारामतीला भिगवणवरून गेलेला माणूस जंक्शन गावावरूनच परत आला पाहिजे, याला काय म्हणावं! कन्हेरीच्या एका लग्नातून येताना याच हट्टापायी त्यांनी मला नव्याकोऱ्या साडीत ओढा ओलांडायला लावला. मी चिडचिड केली तर म्हणतात कसे, "गेल्या वाटंनं माघारी आलं की फेरी होत न्हाय, पोरी. नुसती येरझार होती."

मी बारामतीला शाळेत शिकवायचे, त्यामुळं पृथ्वीचा गोल आणि इंग्रजी या दोन्ही गोष्टी पुरवण्याचं काम माझ्याकडं. शाळेतला जुना गोल मी त्यांना आणून दिला. तो मांडीवर घेऊन मामा ओसरीत बसायचे आणि तळ ठरवायचे. विमान जिथं उतरेल तो तळ. पहिला प्रश्न पाण्याचा. जिथलं पाणी बाधतं असं कुणी सांगितलं तो देश बाद. दुसरा उन्हाचा. सकाळी सुटणारं विमान पश्चिमेलाच जाणारं हवं, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. "तोंडावर ऊन आलं की मेंढरू मान खाली घालतं, चालत न्हाय," असं ते मला समजावत.

"मामा, विमानाला मान नसते."

"पायलटला असती की!"

कप्पाळ माझं! एसटीडी बूथवरून पुण्याच्या तिकीटवाल्या कचेरीत फोन लावून त्यांचे प्रश्न विचारताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिथल्या बाई भल्या होत्या. एकदा त्यांनी सांगितलं की जगाच्या फेरीचं एक वेगळं तिकीट असतं, त्यात मात्र एकाच दिशेनं पुढं जावं लागतं, उलटं फिरता येत नाही. मी ते मामांना सांगितलं आणि मामांचा चेहरा असा उजळला की बस! "त्या बाईच्या घरात मेंढरं असणार," ते ठामपणे म्हणाले. त्या बाई मुळात पुण्याच्या पेठेतल्या होत्या.

तब्येतीच्या तयारीबद्दल तर विचारूच नका. कळप हलवायच्या आधी प्रत्येक जनावराला टोचून घ्यायचं आणि टोचलेल्याच्या पाठीवर गेरूचा ठिपका लावायचा, म्हणजे एकाला दोनदा टोचलं जात नाही, अशी त्यांच्या घरची रीत. बारामतीच्या डॉक्टरांकडून धनुर्वात, विषमज्वर, जी मिळेल ती लस टोचून घेऊन मामा बाहेर आले आणि खिशातली गेरूची पुडी काढून थुंकीनं सदऱ्यावर ठिपका लावून मोकळे झाले. मामीच्या लुगड्यालाही लावला. पिवळ्या तापाची लस बारामतीत मिळेना आणि तिच्याशिवाय आफ्रिकेत जाता येईना, तेव्हा त्यांनी आफ्रिकाच वगळली. "ज्या रानात रोग हाय तितं कळप न्ह्यायचा न्हाय." एका वर्षी तर निघण्याआधी पोट साफ हवं म्हणून सगळ्या घराला जंताचं औषध पाजलं. मी आईबरोबर भाऊबीजेला गेले होते, मलाही सोडलं नाही.

आम्ही सगळे हसायचो. हे खूळ मामांचंच, असं मीही धरून चालले होते. एकदा शेंगा फोडता फोडता मामांनीच खरं काय ते सांगितलं. मामी कळंबच्या बाजूची, मेंढरांच्याच घरातली. लग्न होईतो एका छपराखाली सबंध वर्ष ती कधी राहिली नव्हती. ती नांदायला आली आणि त्याच साली आजोबांनी कळप विकला. तेव्हापासून दर दिवाळीला रस्त्यानं दुसऱ्यांचे कळप निघाले की मामी हातातलं काम टाकून फाटकात जाऊन उभी राहायची. धुरळा बसेपर्यंत हलायची नाही, आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. तक्रार म्हणून कधी केली नाही तिनं. "मीच तिला बोललो," मामा म्हणाले, "तुला ह्याच्याहून मोठी फेरी घडवीन." मग याहून मोठी फेरी कुठली, हे शोधत शोधत मामा पृथ्वीपाशी येऊन थांबले. तिच्याहून मोठी त्यांना सापडली नाही.

अखेर एका वर्षी ऊस चांगला गेला, पासपोर्ट आले, आणि दोघांना घेऊन मी पुण्याच्या त्या कचेरीत गेले. बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत सगळे तळ दाखवले. मामा प्रत्येक तळाला मान डोलवत होते. मामी पदर सावरून नीट ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं मामांना हळूच विचारलं, "अवं, ह्यात चालायचं कुठं?"

"चालायचं न्हाय. बसून जायचं. गादीवर."

"समदं बसूनच?"

"समदं."

"मग फेरी कसली ती?" मामी म्हणाली. मग तिनं मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "तुमी म्हणत असाल तर बसते मी. बसते की."

इतकी वर्षं आम्ही विमानांच्या दिशा ठरवत होतो, आणि तिला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. मामांनी बाईंना हात जोडले आणि उठले. त्या दिवशी ते गेल्याच वाटेनं परत आले. माझ्या ते ध्यानात आलं.

तोवर मामीचे गुडघे गेले होते, कोकणापर्यंत काय, बाजारापर्यंत चालणं कठीण होतं. तरी त्या दिवाळीला पहिला कळप आला तेव्हा मामांनी चहा अर्धा ठेवला आणि तिला म्हणाले, "चल." दोघं मेंढरांमागं चालू लागली, त्यांच्यामागं मी. मामीनं कुणा बाईच्या हातातलं कोकरू मागून घेतलं आणि भराभरा बोलत सुटली. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ओढ्याजवळच्या लिंबापाशी पाय थकले, तेव्हा तिनं कोकरू परत दिलं. कळप दिसेनासा होईतो दोघं तिथं बसली. मग मामा तिला हाताला धरून पाटाच्या कडेकडेनं, लांबच्या वाटेनं घरी घेऊन आले. उंबऱ्यावर टेकत मामी म्हणाली, "झाली बया फेरी!" आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग दरसाल तसंच. मात्र फेरी लहान होत गेली. लिंबाची शाळेपर्यंत आली, शाळेची उसाच्या बांधापर्यंत. शेवटच्या दिवाळीला मामांच्या खांद्यावर हात टाकून मामी पुढच्या दारानं बाहेर पडली आणि गोठ्याला वळसा घालून मागच्या दारानं आत आली, एवढीच.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून भाऊबीजेला कळसला जाते. मामा दसऱ्यालाच धनुर्वाताचं टोचून घेतात, सदऱ्यावर गेरूचा ठिपका असतो. कळप येतो, जातो, मामा फाटकात धुरळा बसेपर्यंत थांबतात. पुढचं दार सताड उघडं असतं, पण ते त्या दारानं आत येत नाहीत. घराला सगळा वळसा घालून, गोठ्याच्या कडेनं, मागच्या दाराशी येतात, वाकून आत शिरतात, आणि रिकाम्या चुलीकडं बघून सांगतात, "झाली गं फेरी."