बघण्याचा त्रास

दोन वर्षं आमच्या घरात माझं पोट बिघडलेलं होतं. पोटाला तसं काहीच झालेलं नव्हतं. पण रोज सकाळी मी पाऊण-पाऊण तास संडासात बसायचो, तेव्हा घरच्यांनी काढायचा तो अर्थ काढला. बायकोने इसबगोल आणलं. नांदेडहून सासूबाईंनी बरणीभर चूर्ण पाठवलं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि, "जयभीम जावई, साफ होतंय का?" असं त्या इतक्या मायेने विचारायच्या की माझी पंचाईत व्हायची. होतंय म्हणावं तर चूर्णाचा गुण, नाही म्हणावं तर दुसरी बरणी. मी सगळं इमानेइतबारे घेतलं. परिणाम असा झाला की काही दिवस मला खरोखरच संडासात बसावं लागलं आणि मोबाइल बघायला उसंत मिळेना.

आत मी मोबाइलवर पॉर्न बघत असे. हे वाक्य इथे एका दमात लिहून झालं खरं, पण ते तोंडातून बाहेर काढायला मला जे करावं लागलं, त्याचीच ही गोष्ट.

बघतात पुष्कळ लोक. माझं दुखणं वेगळं होतं. मला थांबता येत नव्हतं. घरी सकाळी, ऑफिसात दुपारी जेवणानंतर, बॉसने झापलं की लगेच, बॉसने शाबासकी दिली तरी लगेच. दर सोमवारी सगळं पुसून टाकायचो आणि आपण आता नवा माणूस झालो अशा तोऱ्यात चालायचो. नवा माणूस मंगळवारी जुना व्हायचा. एकदा इथेच हैदराबादेत, जामबागच्या शाळेत मुलीची भाषणाची स्पर्धा होती. निघायच्या आधी पाचच मिनिटं म्हणून ऑफिसच्या बाथरूममध्ये गेलो. बाहेर आलो तोवर तिचं भाषण होऊन, दुसरा नंबर येऊन, ती रिक्षाने बरकतपुऱ्याच्या घरी पोचलीही होती. "पप्पा, मीटिंग होती ना?" तिनेच विचारलं. मी हो म्हणालो. खोटं शोधून काढायचे कष्टसुद्धा पोरीने मला पडू दिले नाहीत. त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी पुन्हा आत गेलो. इथवर मजल गेली होती.

पकडला गेलो तो चार्जरमुळे. बॅटरी उतरली होती म्हणून एका सकाळी चार्जर खिशात घालून संडासाकडे निघालो. बायको शाळेत शिकवते. पोरांच्या खिशातली चिठ्ठी तिला वर्गाच्या दारातून दिसते.

"पोटाला चार्जर कशाला लागतो, सांगता का?" ती म्हणाली.

सांगितलं. म्हणजे, थोडंफार. दोनेक वर्षांपासून, कधीकधी, असं काहीतरी पुटपुटलो आणि रडलो. ती भांडली नाही. दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "सुट्टी लागली की मी पोरीला घेऊन नांदेडला जाते. परत यायचं का नाही, ते तिथे बसून ठरवीन. तोवर तुम्ही एखाद्या डॉक्टरला जाऊन सांगा. शब्दांत सांगा. मला नका सांगू. माझ्यासमोर तुम्ही रडता आणि मग चहा मलाच करावा लागतो."

सुट्टी लागायला महिना होता.

नारायणगुड्यात एका इमारतीत दातांपासून मनापर्यंतचे बरेच डॉक्टर एकत्र बसतात. सगळ्यांचा फोन नंबर एकच, खालच्या काउंटरचा. मी तीन दिवस नंबर लावून कट केला. चौथ्या दिवशी पलीकडच्या बाईंनी माझ्याआधी बोलून घात केला.

"क्या तकलीफ है साब?"

आता मी मराठवाड्याच्या घरातला, जन्म हैदराबादचा. दख्खनी मला मराठीइतकीच येते. पण तो शब्द कुठल्याच भाषेत जिभेवर येईना. शेवटी म्हणालो, "वो... देखने की तकलीफ है."

"हौ. कब से हो रा?"

"बहुत साल से."

"दोनों आँखों से हो रा क्या?"

मी चमकलो. मग वाटलं, बाई किती सभ्य. आडून आडून विचारते आहे. "दोनों से," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"नजदीक का कि दूर का?"

"नजदीक का. मोबाइल पे."

"घबराओ नक्को साब, बहुत लोगां को हो रा आजकल. शनिवार ग्यारा बजे आ जाओ. दुसरा माला."

फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. बहुत लोगां को होतं म्हणे. मी एकटा नव्हतो.

शनिवारी दुसऱ्या मजल्यावर गेलो. माझ्याच रोगाचे म्हणून बाकावर जे बसले होते, त्यात चार आजीबाई आणि एक हाजीसाहेब पाहून मी गार झालो. एका आजींनी तर सरळ विचारलं, "तुमको भी कम दिखता क्या बेटा?" मी म्हणालो, "नहीं अम्मा, ज्यादाच दिखता." तेवढ्यात एका नर्सने मान मागे धरून डोळ्यांत थेंब टाकले आणि मला समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसला. ती मला शेवटची नीट दिसलेली वस्तू.

तेव्हाही उठून सांगता आलं असतं. पण आपली चूक कबूल करण्यापेक्षा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेणारा मी माणूस आहे. गुमान तपासून घेतलं.

"आँखें एकदम फर्स्ट क्लास हैं," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "दिनभर क्या देखते आप?"

"एक्सेल," मी म्हणालो.

थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्या, सगळं धुरकट दिसू लागलं. नर्स म्हणाली, घरच्या कुणालातरी बोलवा, एकट्याने रस्ता ओलांडू नका. बायकोला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अर्ध्या तासात ती आली.

"सांगितलं?" तिने जिन्यातच विचारलं.

"डोळे तपासले," मी म्हणालो, आणि फोनवर काय झालं ते सांगितलं.

ती पायरीवर बसली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. वाटलं, रडते आहे. मग कळलं की ती हसते आहे. पदर तोंडात धरून, खांदे हलवत, मागच्या दोन आठवड्यांत हसली नव्हती तेवढं सगळं ती तिथे हसली. येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. हसून झाल्यावर तिने माझं मनगट धरलं आणि खाली नेण्याऐवजी वर तिसऱ्या मजल्यावर, मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"बारा वाजता एक वेळ रिकामी आहे म्हणतायत," ती तिथल्या काउंटरवर विचारून येऊन म्हणाली. "आत तुमचं तुम्ही बोला. पळून जायचं असलं तर जिना डावीकडे आहे, पण दिसणार नाही तुम्हाला."

आत एक डॉक्टरबाई होत्या. मला दिसला तो साडीचा निळा डाग आणि चष्म्याची चमक. आवाज मात्र शांत, तेलुगू वळणाची हिंदी. मी "आदत" म्हणालो, "वो चीज" म्हणालो, "मोबाइल का मामला" म्हणालो.

"तुमच्या घरात या गोष्टीला काय शब्द होता?" त्यांनी हिंदीतच विचारलं.

शब्द नव्हता. विचार करता करता वडील आठवले. दर रविवारी ते आम्हा भावंडांना विहारात न्यायचे. पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलात 'कामेसु मिच्छाचारा' येतं. म्हणजे कामवासनेच्या बाबतीत वावगं वागणार नाही. नऊ वर्षांचा असताना मी वडिलांना अर्थ विचारला. चोरी, खोटं, दारू यांचे अर्थ त्यांनी खणखणीत सांगितले होते. इथे आल्यावर ते घड्याळाचा पट्टा नीट करू लागले. मग म्हणाले, "कामेसु म्हणजे काम. कामचुकारपणा करायचा नाही." ते कारकून होते, त्यांच्या दृष्टीने तेही मोठंच पाप. पुढची दहा वर्षं तिसरं शील म्हणताना मी हात जोडून गृहपाठाचा विचार करत होतो. कॉलेजात खरा अर्थ कळला, आणि तेव्हापासून तेवढी एक ओळ मी ओठांतल्या ओठांत म्हणू लागलो.

हे सांगितलं तेव्हा बाई मोकळेपणी हसल्या. आणि समोरचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, हसण्यामुळे असेल, पण मी बोलून गेलो. "मी पॉर्न बघतो. रोज. थांबता येत नाही. मुलीचं भाषण त्यात गेलं." शेवटचं वाक्य मराठीत झालं. त्यांनी ते काय म्हणून विचारलं, आणि मला पुन्हा हिंदीत सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

त्यांनी मला वाईट माणूस म्हटलं नाही. माझी थोडी निराशाच झाली. रोगाचं मोठं नावही लगेच दिलं नाही. दर शनिवारी या म्हणाल्या, आणि एक कामही दिलं. बघावंसं वाटलं की त्याच्या अगदी आधी काय झालं होतं ते लिहून ठेवायचं. पहिल्या आठवड्याच्या कागदावर बॉस सहा वेळा आला, कंटाळा चार वेळा, आणि बायकोने काही विचारलं असं दोन वेळा. म्हणजे कुणी आपल्याकडून काही अपेक्षा केली की मी पळून जात होतो. रोज एकाच ठिकाणी पळून जाणारा मी बहुधा एकटाच.

तिसऱ्या शनिवारी त्या म्हणाल्या, "बायकोला किती माहीत आहे?"

"दोन वर्षांचं."

"आणि खरं?"

खरं म्हणजे लग्नाच्याही आधीपासून. पुढची वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेल्यावर बायकोला सांगितलं. या वेळी रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आधीच दोघांचा चहा मी करून आणला. "तुला खोटं सांगितलं होतं. दोन वर्षं नाही. लग्नाआधीपासून बघतोय."

तिने कप खाली ठेवला. माझ्या लेखी ती नांदेडला गेल्यातच जमा होती.

"म्हणजे माझ्यामुळे नाही," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, की इतके दिवस ती आरशासमोर उभी राहून माझ्या चुकीचं कारण स्वतःत शोधत होती. माझ्या सगळ्या लपवालपवीत ही गोष्ट एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "तुझा काडीचा संबंध नाही."

"हे आधी नाही सांगता आलं? तीन आठवडे मी भात सोडला होता." मग चहाचा घोट घेऊन, "चहात साखर विसरलात," म्हणाली.

सुट्टी लागली तशी ती मुलीला घेऊन नांदेडला गेलीच. मी काही अडवलं नाही. पाचव्या दिवशी रिकाम्या घरात माझा पाय घसरला. कागदावर लिहिलं: आधी काय झालं, तर काहीच नाही, घर शांत होतं. मग तिला फोन लावला.

"आज बघितलं," मी म्हणालो. "वीस मिनिटं. मग बंद केलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज, मग दार लोटल्याचा. ती अंगणात आली असावी.

"आणि मग काय केलं?"

"तुला फोन."

"हं. जेवलात का?"

"नाही."

"जेवा. आणि बुधवारच्या गाडीने आम्ही येतोय. काचीगुडा स्टेशनला उतरू, चुकून सिकंदराबादला जाऊन उभे राहू नका."